पीळ काढलेली बाई

वैजंताक्का सपकाळच्या भटारखान्यात मीठ टाकायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते माणूस कोण हे कऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लग्नाचा स्वयंपाक देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचा नाही, हा आक्काच्या सासूपासून चालत आलेला नेम. चाखला की उष्टा झाला. मग एवढ्या मोठ्या पातेल्यातल्या आमटीत मीठ बरोबर पडलंय की नाही, हे कळायचं कसं? तर आक्का वाफेवर वाकायची, डोळे मिटून श्वास घ्यायची, मूठ सोडायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, ‘‘मीठ पडलं.’’ त्यानंतर त्या पातेल्याजवळ मिठाचा डबा नेईल अशी कुणाची माय व्याली नव्हती. वासावरून मीठ ओळखणारी जगात ती एकटीच बाई असेल, पण सगळ्या हयातीत तिचं मीठ एकदाही चुकलं नाही, हे तिच्या दुष्मनांनाही कबूल करावं लागायचं.

आता मिठापुरतं असतं तर कोण कशाला बोललं असतं? पण बाईचा हुकूम मिठावर थांबत नव्हता. पुरी कुठल्या हाताने लाटायची, कामावर येताना केसांना तेल किती लावायचं, कुणाच्या पोरीला कुठल्या गावात द्यायची, सगळं आक्का ठरवणार. भाजीच्या भट्टीवरची सारिका माने एकदा फक्त ‘‘पण आक्का’’ एवढंच म्हणाली, तर पुढचे सगळे मुहूर्त ती खरकटी भांडी घासत होती. नवरा लवकर गेला, भावकीने पाठ फिरवली, तेव्हा या बाईने कंबर कसून धंदा उभा केला, हे खरं. पण तेव्हा कसलेली कंबर तिने नंतर कधी सैल सोडलीच नाही.

तिच्या एकुलत्या एका मुलाचे, हर्षवर्धनचे, हाल तर विचारूच नका. पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेला, मिशी फुटून बरीच वर्षं झालेला पोरगा, पण शर्टाचा रंगसुद्धा आई ठरवायची. तो वाफेच्या नव्या कढयांबद्दल काही सांगायला लागला की आक्का म्हणायची, ‘‘आधी कांदा चिरून दाखव.’’ बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हर्षा कांदा चिरायचा आणि गप्प बसायचा. गरीब गाय आहे बिचारा, असं सगळे म्हणायचे. आक्कालाही तसंच वाटायचं.

मग सरकारचा तो नवा नियम आला. ज्याच्या हाताखाली बरीच माणसं राबतात त्याने ‘वचक चाचणी’ द्यायची, म्हणजे वेगळं मत ऐकलं की डोकं किती तापतं ते मोजून घ्यायचं, आणि काटा ठरलेल्या रेघेपलीकडे गेला तर उपचार घ्यायचा, नाहीतर परवाना रद्द. कारखानदार, मुख्याध्यापक, बँकेचे साहेब, सगळेच त्यात आले. आक्काच्या डोक्याला तारांची टोपी घालून चाचणी घेणारा मुलगा सहज म्हणाला, आमटीत गूळ घालू नये असं माझं मत आहे. यंत्राचा काटा टोकाला जाऊन टेकला तो परत यायलाच तयार होईना. मुलाला वाटलं, यंत्र बिघडलं.

आक्काने उपचार घ्यायला साफ नकार दिला. परवाना गेला तर गेला, चुलीला कागद लागत नाही, असं तिचं म्हणणं. पण त्याच दिवशी हर्षा तिच्यासमोर येऊन बसला आणि जन्मात पहिल्यांदा डोळ्याला डोळा भिडवून बोलला. ‘‘आई, तुझ्या हाताखाली मी माणूस राहिलेलो नाही. तू हा उपचार घे, नाहीतर मी जातो. परत येणार नाही.’’

नवरा गेला तेव्हा आक्का रडली नव्हती, कारण रडायला सवड नव्हती. आज सवड होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘कधी जायचं पुण्याला?’’

एवढं लक्षात ठेवा, की ती गेली ती पोरासाठी गेली.

पुण्याच्या त्या केंद्रात डॉक्टर मृणाल ताटके नावाची बाई होती, तिशी-पस्तिशीची, बोलायला साधी. उपचाराचं सरकारी नाव मृदुतरंग, पण लोक त्याला ‘पीळ काढणं’ म्हणायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आम्ही खोटी पाडली, असं डॉक्टरीणबाई हसत सांगायच्या. त्यांनी आक्काला सगळं नीट समजावून दिलं. माणसाच्या मेंदूत एक धोक्याची घंटा असते. अंधारात पायाला काही मऊ लागलं की ती वाजते, आणि वाजायलाच हवी. पण काही माणसांच्या डोक्यात ती नुसत्या ‘पण’ या शब्दानेही वाजते. समोरचा वेगळं बोलला, उद्याचं काही सांगता येईना, की ठणाणा सुरू. तो बंद करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे समोरच्याला गप्प करणं. गप्प केलं की बरं वाटतं, बरं वाटलं की सवय लागते. ‘‘म्हणजे आक्का, हुकूम सोडणारं माणूस शूर नसतं,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘ते घाबरलेलं असतं. आणि मुकाट्याने हुकूम झेलणारंही तेवढंच घाबरलेलं असतं. दोघांच्या डोक्यात घंटा तीच.’’

उपाय असा, की कानाला ऐकू न येणारा आवाज कवटीतून आत सोडायचा आणि बोटाच्या पेराएवढ्या त्या जागेवर एकवटायचा. चिरफाड नाही, दुखणं नाही. घंटा मऊ होते. मात्र त्यानंतरचे काही आठवडे मेंदूतले धागे तिंबलेल्या कणकेसारखे होतात. त्या काळात पडलेला ठसा टिकतो. म्हणून रोग्याजवळ एक सोबती लागतो. सोबत्याने रोज शेजारी बसून प्रश्न विचारायचे, उत्तर कधीच द्यायचं नाही. ‘तुला काय वाटतं’, ‘दुसऱ्याला काय वाटत असेल’, एवढंच. उत्तरं रोग्याने स्वतः शोधायची, अडखळायचं, चुकायचं, तेव्हा कुठे नवं वळण पडतं. या गप्पा केंद्र ऐकत नाही, कारण कुणी ऐकतंय म्हटलं की घंटा परत वाजायला लागते. ‘‘तेव्हा सगळी भिस्त सोबत्याच्या सचोटीवर आहे,’’ डॉक्टरांनी बजावलं. ‘‘विचार करून नाव सांगा.’’

आक्काने विचार केला नाही. हर्षाचं नाव सांगून टाकलं. हर्षाने डॉक्टरांसमोर शपथ घेतली, की फक्त प्रश्न विचारीन, उत्तर देणार नाही.

ते आठवडे आक्काच्या आयुष्यातले सगळ्यात गोड गेले, हे नंतरही तिला नाकारता आलं नाही. घंटा थांबल्यावर तिला कळलं की ती वाजत होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती दुपारची झोपली. शेजारणीने पोह्यांत बटाटा घातला तरी तिच्या छातीत काही उसळलं नाही. रोज सकाळी हर्षा तिला प्रीतिसंगमावर घेऊन जायचा. कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे तोंड करून मायलेक बाकावर बसायचे आणि तो हळू आवाजात विचारायचा. आई, सगळा भार तुझ्याच डोक्यावर का असावा? आई, गुडघे इतके दुखतात, ते कशामुळे असतील? आई, दुसऱ्या कुणाच्या हातात कारभार असता तर तुला कसं वाटलं असतं? तो दुसरा माणूस घरचाच असता तर?

आक्का आत डोकावायची आणि तिला उत्तर सापडायचं. किती सोपं आणि किती स्वच्छ! हर्षाने कारभार बघावा. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच तिला नवल वाटायचं. पोरगा इतकं हळुवार विचारतोय म्हणून तिचा ऊर भरून यायचा. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची.

कामावर परतलेली आक्का बघून बायकांची तोंडं उघडीच राहिली. ती विचारायला लागली. सारिका, वांगी भरून करायची का रस्सा? छबूताई, तू इथली सगळ्यात जुनी, तुला काय वाटतं? पहिल्या दिवशी कुणी उत्तरच देईना. दुसऱ्या दिवसापासून जी ती उत्तर द्यायला लागली आणि भटारखान्याची ग्रामसभा झाली. मग आक्का म्हणाली, आजपासून मीठ ज्याचं त्याने बघायचं, मी कोण सांगणारी?

आणि मग वैशाखातल्या एका मोठ्या लग्नात व्हायचं ते झालं. त्या दिवशी आमटी सारिकाकडे, तेव्हा सारिकाने मीठ टाकलं. छबूताईने वाट पाहिली, पण ‘मीठ पडलं’ हे काही ऐकू आलं नाही. कुणी विसरलं असेल म्हणून तिने मुकाट्याने मूठ सोडली. आक्का बोलत-बोलत तिथून चालली होती, तिचा हात सवयीने डब्यात गेला आणि तिसरी मूठ पडली. नैवेद्य अजून दाखवला नव्हता, त्यामुळे चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य झाला आणि लगेच पंगत बसली. पहिल्या घासाला वरमाय थांबली, दुसऱ्या घासाला अख्खी पंगत. मुलीचा मामा हात न धुताच भटारखान्यात आला आणि नको-नको ते बोलून गेला.

पूर्वीची आक्का असती तर त्या दिवशी कऱ्हाडाची जमीन हादरली असती. आक्काने हात जोडून माफी मागितली, मुलीच्या आईला धीर दिला आणि बायकांना म्हणाली, चूक माझीही आहे. बायकांना हे काही झेपेना. सारिका तर हमसून-हमसून रडायला लागली. ओरडणारं माणूस ओरडलं नाही, तर आता पुढे काय होणार, या भीतीनेच ती रडत होती.

त्याच संध्याकाळी हर्षा आईजवळ बसला आणि सगळ्यांदेखत, अगदी मऊ आवाजात त्याने विचारलं, ‘‘आई, आता काय करावं असं तुला वाटतं?’’

आक्का हसली. उत्तर तयारच होतं. ‘‘उद्यापासून हर्षा बघेल,’’ ती म्हणाली. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. चला, कुणीतरी सांगणारं आलं. परवाना हर्षाच्या नावावर झाला.

गरीब गायीने शिंगं दाखवायला फार वेळ घेतला नाही. भट्टीवर बोलायचं नाही, बसायचं नाही. हातापायांवर नजर ठेवायला वरती कॅमेरे बसले. कोण किती वेळ थांबलं हे यंत्र मोजायचं आणि हर्षा भर गर्दीत वाचून दाखवायचा. पूर्वी आक्का शिव्या घालायची, पण बाळंतपणाला डिंकाचे लाडूही तिच्याच घरून जायचे. हर्षाला शिव्या घालायचीसुद्धा गरज वाटायची नाही. मीठ तर आता पुडीत मोजून यायचं, पुडी फोडायची आणि टाकायची, वास घ्यायचं कारण उरलं नाही. छबूताईचा पाय सुजला म्हणून ती पोत्यावर टेकली, तर त्याने तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. कायमचं. तिची सगळी उमर त्या भट्टीपुढे गेली होती.

आक्का छबूताईच्या घरी जाऊन आली. तिच्या पायाला हळद लावून दिली. परत येताना तिच्या मनात एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. हर्षा वाईट वागतोय, हे तिला लख्ख दिसत होतं. छबूताईसाठी तिचा जीव तुटत होता. पण ‘कारभार हर्षानेच बघावा’ हा विचार मात्र आत बसला होता तो तसूभर हलत नव्हता. तिने तो उलटून बघायचा प्रयत्न केला, तर धरायला कडाच सापडेना. बाई निरक्षर नव्हती, आणि अडाणी तर मुळीच नव्हती. पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट न बघता तिने पुण्याची गाडी पकडली.

डॉक्टर ताटकेंनी टोपी चढवली आणि तिला साध्या गोष्टी बोलायला सांगितल्या. आमटीत गूळ हवा. पडद्यावर एक लाट थरथरली. देव आहे. लाट थरथरली. नवऱ्याचा माझ्यावर जीव होता. लाट चांगलीच थरथरली, आणि आक्का थोडी लाजली. डॉक्टर म्हणाल्या, ही शंकेची लाट, निरोगी माणसाला आपल्या प्रत्येक मतावर थोडी तरी येते. मग आक्का म्हणाली, कारभार हर्षाने बघावा.

पडद्यावरची रेघ सरळ गेली. डॉक्टरांनी परत म्हणायला लावलं. परत सरळ.

‘‘आक्का,’’ डॉक्टर म्हणाल्या, ‘‘ज्या विचारावर माणसाला एकदाही शंका येत नाही, तो बहुतेक वेळा त्याचा नसतो. तुमच्या सोबत्याने तुम्हाला काय-काय विचारलं, ते आठवतंय?’’

आठवत होतं ना. प्रत्येक शब्द आठवत होता, कारण ते तिचे सुखाचे दिवस होते. ती एकेक प्रश्न सांगत गेली आणि सांगता-सांगता तिचे तिलाच ते ऐकू यायला लागले. भार का असावा. गुडघे कशाने दुखतात. दुसरा घरचाच असता तर. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला तिला ते दिसलं. एकाही प्रश्नात विचारणं नव्हतं. प्रत्येकाच्या पोटात उत्तर कालवून ठेवलेलं होतं, आजारी पोराला पेढ्यातून गोळी द्यावी तसं. आणि तिने ते मिटक्या मारत खाल्लं होतं, वर पाठीवरून हात फिरवला होता.

डॉक्टर फार शरमल्या. असं होऊ शकतं हे आम्हाला कळायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. एकदा चोर दिसला की त्या विचारावर हळूहळू शंका यायला लागेल, वेळ लागेल इतकंच. आणि आक्काची इच्छा असेल, तर उलटा तरंग देऊन तिला पूर्वीसारखी करता येईल. घंटा परत तशीच वाजेल. पण मन मऊ असताना दिलेला परवाना कायद्याने परत मिळणं अवघड, त्याला पुरावा काय? प्रश्न विचारणं हा काही गुन्हा नव्हे.

घरी आल्यावर आक्काने हर्षाला समोर बसवलं नाही, तो जेवत होता तिथेच उभी राहिली. ‘‘संगमावर तू मला विचारत होतास,’’ ती म्हणाली, ‘‘की सांगत होतास?’’

हर्षाने घास खाली ठेवला. चेहरा मात्र पडला नाही. त्याने हे उत्तर बरेच दिवस तयार ठेवलं असावं. ‘‘मी एक शब्द खोटा बोललो नाही. प्रश्न विचारायला सांगितले होते, प्रश्नच विचारले. आणि तू काय केलंस, आई? मी लहान होतो तेव्हा माझंही डोकं कणकेसारखं मऊच होतं की. तेव्हा तू मला प्रश्न तरी विचारलेस का?’’

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते इतकं लागलं. पूर्वीची आक्का असती तर ताट भिरकावलं असतं आणि मोकळी झाली असती. आता ती मोकळी होऊ शकत नव्हती. पोराचं म्हणणं ऐकून घेण्याची ताकद तिला पोरामुळेच आली होती, आणि ती ताकद वापरून तिला त्याचाच दगा ऐकून घ्यावा लागत होता. ‘‘मी चुकले,’’ ती म्हणाली. ‘‘पण मी चुकले ते ओरडून. साऱ्या गावाला दिसेल असं. तू माझा हात हातात घेऊन केसाने गळा कापलास.’’

त्यानंतर त्या घरात दोन चुली झाल्या.

आक्काने एक प्रयत्न करून पाहिला. नवीन काम सुरू करू, सगळ्या मिळून ठरवू, असं सांगायला ती सारिकाकडे गेली. सारिकाने चहा केला आणि पदराशी चाळा करत जे बोलली, ते अगदी मनापासून बोलली. ‘‘राग मानू नका आक्का. तुमच्याविरुद्ध त्या चाचणीवाल्यांना मीच सांगितलं होतं, बाई छळते म्हणून. पण तुम्ही होता तेव्हा काय करायचं ते तरी कळत होतं. आता हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हटलं की मला घाबरायला होतं. तुम्ही डॉक्टरकडून पहिल्यासारख्या होऊन या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी तुमच्या दारात.’’

म्हणजे जिच्या तोंडून तक्रार गेली, तिलाच परत तोच जाच हवा होता. आक्काला हसावं की रडावं कळेना. पोराने दगा दिला, आता हीसुद्धा. रस्त्याने येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पुण्याला जायचं, उलटा तरंग घ्यायचा, दुसऱ्या दिवशी कंबर कसून उभं राहायचं, की सगळ्या बायका आपल्या. हर्षाच्या नाकावर टिच्चून. मोह साधासुधा नव्हता. दोनदा तर तिने पिशवी भरली.

पण गेली नाही. तिला आठवत होतं, की सारिका तोंडावर खरं बोलली ती जन्मात पहिल्यांदा. घंटा वाजत असती तर ते ऐकूच आलं नसतं. आणि त्या ठणाण्यात परत जाऊन राहायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. तिने बँकेतल्या काही बिनलग्नाच्या पोरांचे डबे सुरू केले. छबूताई पोळ्या लाटायला यायची, बसून. दोघी दिवसभर वाद घालायच्या आणि डबे उशिरा जायचे.

पावसाळा संपता-संपता हर्षाला चाचणीची नोटीस आली. बायकांच्या तक्रारी गेल्या होत्या, आणि नियम तर त्यालाही होताच. त्याचा काटा आईच्याही पुढे गेला. उपचार, नाहीतर परवाना रद्द; नोटीस आल्यावर तो दुसऱ्याच्या नावावरही करता येत नव्हता. उपचाराला तो तयार झाला. पण आक्काच्या प्रकरणानंतर केंद्राने एक गोष्ट वाढवली होती. सोबती कोण, हे आता रोग्याने नुसतं सांगून भागत नव्हतं. भरवसा नुसता बोलण्यातला नको, म्हणून ज्याचा आवाज ऐकला की रोग्याची घंटा खरोखर शांत होते, तोच सोबती, आणि ते यंत्रावर तपासायचं; तसा कुणी नसेल तर उपचार नाही.

एका दुपारी तो आईच्या दारात आला. छबूताई उठून परसात गेली. तो आत येऊन भिंतीला टेकून बसला, लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की बसायचा तसा. मित्राचा आवाज ऐकवला, म्हणाला. पुण्याच्या सरांचा. जिच्याशी लग्नाचं चाललं होतं तिचा. सगळ्यांच्या आवाजाला घंटा वाजतच राहिली. शेवटी कुणीतरी त्याच्या फोनमधला आईचा एक जुना निरोप लावला. जेवायला वेळेवर ये, एवढाच. काटा खाली बसला.

‘‘तुझ्याशिवाय कुणी नाही, आई,’’ तो म्हणाला. ‘‘तू बस माझ्याजवळ.’’

खोटं कशाला सांगा, आक्काचं पोर तिच्यासमोर बसलं होतं, आणि अख्ख्या जगात त्याला फक्त तिच्या आवाजाने शांत वाटत होतं. यापेक्षा आईला आणखी काय हवं असतं? तिच्या ओठांवर हो आलं. आणि त्या होकाराच्या पाठोपाठ, कुणी न बोलावता, एक प्रश्न आला. अगदी घडवून, घासूनपुसून तयार. तिने तो बघितला आणि हो गिळून टाकलं.

‘‘मी काय विचारीन, सांगू?’’ ती म्हणाली. ‘‘मी विचारीन, हर्षा, जिचं तिला परत दिलंस तर तुला हलकं नाही का वाटणार? एवढंच. मऊ आवाजात, रोज. आणि तू हसत-हसत सगळं परत देशील, आणि जन्मभर तुला वाटेल की ते तुलाच सुचलं.’’

हर्षाने कपाळावरचा घाम पुसला.

‘‘तू तसं करणार नाहीस,’’ तो म्हणाला. ‘‘आता नाही करणार.’’

‘‘मला तो भटारखाना परत हवाय, हे मी रोज छबूताईला सांगते. अजून हवाय. मी तसं करणार नाही, असं आत्ता मनातल्या मनात म्हणून बघितलं, तर माझा मलाच भरवसा वाटेना. तुझा तर नाहीच वाटत. तू माझ्या मऊ डोक्यात हात घातलास, आणि त्या दिवसापासून मला कुणाचाच भरवसा वाटत नाही, स्वतःचासुद्धा. हे तू केलंयस, हर्षा. मी बसणार नाही.’’

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं, तो चिडून उठून गेला असता. तो तिथेच बसून राहिला. परवाना जाणार होता, धंदा जाणार होता, आणि आक्काने उभी केलेली ती भट्टी आता दोघांपैकी कुणाचीच उरणार नव्हती. हे त्यालाही दिसत होतं आणि तिलाही. त्याने मान वर केली. डोळे भरले होते, आणि त्यात कुठलाही डाव नव्हता.

‘‘मग मी काय करू, आई?’’

आयुष्यभर या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार असायचं. तिने आत शोधलं. हुकूम सापडला नाही. माफीही सापडली नाही. पोरगा वाट बघत होता.

‘‘मला माहीत नाही,’’ वैजंताक्का म्हणाली. ते खरं होतं.